आमदारांच्या पोटावरची चुणी

"फोटोत एक जरी चुणी दिसली, तर तुझं टेबल इथून हललंच म्हणून समज!" असं म्हणत आबासाहेब गुंजकरांनी आपला पांढराशुभ्र सदरा सुगंधाबाईच्या इस्त्रीच्या टेबलावर टाकला.

आबासाहेब म्हणजे गेली पाच वर्षं आमदार आणि आता पुन्हा उमेदवार. दिवसभर दारोदार प्रचार करायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो यायचा तो पोटावर चुण्याच चुण्या! विरोधकांनी त्यांना 'चुरगळलेले उमेदवार' म्हणायला सुरुवात केली होती. पेठेतले खड्डे आबासाहेबांना पाच वर्षांत दिसले नाहीत, चुणी मात्र लगेच दिसली.

"सकाळी आठला घालीन, संध्याकाळी सातला याच सदऱ्यात सभेला उभा राहीन. पुढून घडी जशीच्या तशी पाहिजे."

"आणि जमलं तर?" सुगंधाबाईनं कोळसे फुंकत विचारलं.

"तर टेबल आहे तिथंच राहील. जन्मभर. माझा शब्द."

टेबल होतं नगरपालिकेच्या शाळेच्या भिंतीला लागून. तिथं वारा लागत नाही, इस्त्रीतली राख कपड्यांवर उडत नाही. सुगंधाबाईची नात याच शाळेत तिसरीला होती. आणि हीच शाळा पाडून तिथं दुकानं काढायचा आबासाहेबांचा बेत सगळ्या पेठेला ठाऊक होता.

"साहेब, काल पेठेत म्हणालात, टपरीवाल्यांचा कर माफ."

"म्हणालो की."

"परवा बंगल्यांकडं म्हणालात, करबुडव्यांना सवलत नाही. तिकडचे कपडेही माझ्याकडंच येतात, आणि कपड्यांबरोबर बातम्याही."

"अगं, प्रचार आहे तो. ज्याला जे रुचतं ते वाढायचं."

"मग कर माफ केल्यावर शाळा कशावर चालवणार?"

"चालवायची कशाला? पोरं कमी, जागा मोक्याची. जातील पोरं तालुक्याला बसनं."

"ज्यांना बसभाडं जमत नाही त्यांनी?"

"त्यांनी शिकून तरी काय दिवे लावायचेत?"

सुगंधाबाईनं सदऱ्यावर पाण्याचा हबका मारला, तो जरा जोरातच बसला. सकाळी सदरा इतका कडक झाला होता, की आबासाहेबांशिवायही उभा राहिला असता.

संध्याकाळी शाळेसमोरच सभा होती. अख्खी पेठ लोटली. आबासाहेब आले, आणि पोटावर आडव्या तीन चुण्या! व्यासपीठावर चढण्याआधी ते तणतणत टेबलापाशी गेले.

"सुगंधा, उचल टेबल!"

"उचलते. आधी एवढं सांगा, आज किती दारांत हात जोडून वाकलात?"

"दोनशे तरी असतील."

"तेच तर! खुर्चीत रेलून बसलं की चुणी पाठीला पडते, वाकलं की पोटाला. पाच वर्षं तुमचे सदरे मीच करतेय साहेब. सगळ्या चुण्या पाठीला. पोटाला एक नाही! अर्ज भरला त्या दिवसापासून पोटाला यायला लागल्या. हाच सदरा निकालाच्या दुसऱ्या दिवशी घाला. पुढच्या पाच वर्षांत पोटावर एक जरी चुणी पडली, तर टेबल मी डोक्यावर घेऊन जाते."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग काय, पेठ हसून हसून लोळायची बाकी राहिली. आबासाहेब आधी लाल झाले. पण एवढी मतं एकदम हसताना बघून त्यांनाही राहवेना. त्यांचं पोट गदागदा हलायला लागलं, चुण्यांसकट.

"जिंकलीस बाई! टेबल राहिलं."

"आहे तिथंच ना?"

"आहे तिथंच. सगळ्यांदेखत सांगतो."

"म्हणजे या भिंतीला. मग भिंत राहिली पाहिजे, आणि शाळा पाडल्यावर नुसती भिंत कोण ठेवतंय? शाळा पाडणार नाही, एवढं लिहून द्या."

शाळेच्या हेडबाई तर कागद घेऊन मागं तयारच होत्या. आबासाहेबांनी डोळे पुसत, हसत हसत तो इस्त्रीच्या टेबलावर पसरला आणि सही करायला वाकले. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

सरळ होऊन आबासाहेबांनी पोटाकडं पाहिलं. चौथी चुणी!

"उद्या सदरा टाका इस्त्रीला," सुगंधाबाई म्हणाली. "तीन चुण्या काढून देईन. ही चौथी राहू दे."