ज्याचं पाणी, त्याचा गुंता

लढाई दोन प्रहर चालली आणि दोघेही जिंकले. घोटाळा झाला तो इथेच.

चारशे-साडेचारशे वर्षांमागची गोष्ट. कोरलबंदराच्या तोंडाशी फिरंग्यांच्या जहाजांचे दोन काफिले एकमेकांना भिडले. एकाचे निशाण लाल, दुसऱ्याचे निळे. त्यांचे वैर तिकडे त्यांच्या मुलखातले, पण भांडायला मात्र त्यांना आपलाच समुद्र सापडला. दोघांनाही इथे वखार हवी होती. आणि बंदराचा राजा भानजी नाईक याने लढाईआधी भर दरबारात सांगून टाकले होते, "जो जिंकेल त्याला वखारीसाठी कोळीवाड्याची पुळण!"

किनाऱ्यावरच्या त्याच वाळूच्या पुळणीवर कोळीवाडा मासळी वाळवत असे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्या सुक्या मासळीवर अख्खा वाडा जगे. कारभारी त्र्यंबकपंतांनी हे राजाच्या कानावर घातले. राजा म्हणाला, "दिला शब्द तो दिला!" शब्द देण्याआधी विचार करायची चाल त्याच्या घराण्यात नव्हती.

लढाई संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कप्तान पुळण मागायला दरबारात हजर! मध्ये दुभाषा बाबू शेणवी घाम पुसत उभा.

"कप्तान गास्पार म्हणतात," दुभाषा बोलला, "त्यांनी निळ्यांची सात जहाजे बुडवली."

"निळ्यांची होती किती?" राजाने विचारले.

"चार, महाराज."

"आणि हे दुसरे?"

"कप्तान योरिस म्हणतात, लाल निशाणवाले पळून गेले."

लाल निशाणवाला गास्पार तिथेच उभा होता. त्याने तलवारीला हात घातला.

तेवढ्यात चांगुणा कोळीण आत आली. खांद्यावर फाटके, ओले जाळे. पहारेकऱ्यांनी अडवले नाही, कारण जाळ्याला वास होता.

"महाराज, आमची एकशेचाळीस जाळी फाटली! पान्यातले जाळी बांधायचे खुंट मोडले, खाडीच्या तोंडावर तीन जहाजं बुडून पडल्यात, होडी भायेर काढायला वाट नाय. आनि आता पुळणपन देताव?"

राजा आधीच वैतागलेला. "फार बोलतेस! मग तूच ठरव कोण जिंकले ते. दिवस मावळायच्या आत या दोघांच्या तोंडून एकच उत्तर आले पाहिजे. नाही आले, तर पुळण अर्धी याला, अर्धी त्याला!"

दोन नवरेदेव एका मांडवात, आणि माघार घे म्हणायचे कोणाला? चांगुणाने खाली पाहिले. हातात गुंतलेले जाळे होते. त्यातली एक गाठ तिने बोटाने उकलून पाहिली.

"जालं तर," ती म्हणाली. "पन निवाडा आमच्या रीतीनं. पान्यातलं भांडान हाय, पान्याची रीत लागंल. दोघांना इचारा, मान्य हाय का?"

दोघेही जिंकलेले. त्यांना कशाची भीती? दोघांनी मान डोलावली. 'पाण्याची रीत मान्य' असा कागद पंतांनी पुढे केला, दोघांनी खाली बसून सह्याही केल्या.

"आमची रीत अशी. दोन होड्यांची जाळी गुतली, भांडान जालं, तं जो जिकल त्याचं पानी. आनि ज्याचं पानी, त्याचा गुता! जिकनाऱ्यानं सगला गुता सोडवायचा. बुडलेलं वर काढायचं. जाळी इनून द्यायची, आपल्या हातानं, मांडी घालून. चाकर लावलेला चालत नाय."

असे म्हणून तिने ते ओले जाळे कप्तान गास्पारच्या मखमली मांडीवर टाकले आणि विणायची लाकडी सुई हातात दिली.

"हे एक. ऱ्हायली एकशेएकोनचाळीस. तुमीच ना जिकलेले?"

दुभाष्याने सगळे सांगितले. गास्पारने सुईकडे पाहिले. मग जाळ्यातून एक कुर्ली, चांगली मोठी खेकडी, निघून त्याच्या गुडघ्यावर चढली, तिच्याकडे पाहिले.

"कप्तान म्हणतात," दुभाषा म्हणाला, "निळे फार शौर्याने लढले. जिंकले ते निळेच."

चांगुणाने कुर्लीसकट जाळे आणि सुई उचलली आणि ती योरिसकडे वळली. योरिस उठून दोन पावले मागे सरला.

"योरिस म्हणतात, 'छे, छे! माझा तर सपाटून पराभव झाला.'"

"गास्पार म्हणतात, 'माझ्याइतका पराभव आजवर कोणाचा झाला नाही!'"

"योरिस म्हणतात, 'तरी माझ्याएवढा नाही!'"

"उगा तोंडानं नको," चांगुणा म्हणाली. "गल्यातल्या क्रुसावर हात ठेवून सांगा."

दोघांनी हात ठेवले आणि एका सुरात काहीतरी म्हणाले. भाषा दोन होत्या.

"दोघेही म्हणतात, 'मी हरलो,'" दुभाषा म्हणाला.

"महाराज, दोघांच्या तोंडून एकच उत्तर! तुमचा शबुद जिकनाऱ्याला व्हता. जिकला कोनीच नाय. पुळण आमची ऱ्हायली."

राजा सिंहासनावर पुढे सरकला. "आणि हे दोघे?"

"त्यांचंबी रीतीत हाय, महाराज. जो हरला त्यानं नारलीपुनवेपरेंत त्या पान्यात होडी घालायची नाय. सही केलीया."

पंतांनी कागद उलगडून दाखवला. नारळीपौर्णिमेला अजून सात महिने होते. दोन्ही कप्तानांनी टोप्या उचलल्या आणि दुपारच्या ओहोटीबरोबर दोन्ही काफिले दोन दिशांना निघून गेले.

राजाला मात्र चैन पडेना. "ते सगळे खरे, चांगुणे. पण लढाई झाली म्हणजे कोणीतरी जिंकलेच पाहिजे! दोघेही गेले, समुद्र माझा मला राहिला. म्हणजे खरा जिंकलो मीच की!"

चांगुणाने हातातले ओले जाळे कुर्लीसकट सिंहासनाच्या पायरीवर ठेवले. वर सुई ठेवली.

"बसा तं मग, महाराज. मांडी घालून."

राजाने जाळ्याकडे पाहिले आणि तो असा हसला की मुंडासे घरंगळून कुर्लीवर पडले. पुळण ताम्रपटावर कोरून कोळीवाड्याला मिळाली, बुडालेली जहाजे काढायला राजाचे खलाशी आले, आणि जाळ्यांसाठी गाडीभर सूत आले. चांगुणाला जरीकाठी लुगडे मिळाले. राजाने एक जाळे स्वतः विणायला घेतले होते म्हणतात. ते चांगुणाने उसवून पुन्हा विणले.