निरगुडीची जुडी

घाटाखालच्या एका गावात सगुणा नावाची एक कुंभारीण राहत होती. तिला दोन लहान मुली होत्या. धाकटीच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. तिला वाचवलं ते बाजारगावच्या वैद्यीण आवडाबाईंनी. निघताना त्यांनी बजावलं होतं की पुन्हा दिवस राहिले तर लगेच माझ्याकडे ये, उशीर केलास तर ना तू राहशील ना पोटातलं.

आणि सगुणाला पुन्हा दिवस राहिले.

भीतीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं. सासूला सांगायची सोय नव्हती. अनसाबाई गर्भ पाडण्याच्या विरुद्ध होत्या आणि तसं त्या चारचौघांत बोलून दाखवत. म्हणून मडकी विकायचं निमित्त करून सगुणा एकटीच बाजाराला निघाली.

त्या भागात एक रिवाज होता. वैद्याच्या दारावर निरगुडीची जुडी टांगलेली असे. जुडी दिसली की आत शिरायचं. दारात कुणी नाव विचारायचं नाही, का आलीस म्हणायचं नाही, आणि आलेल्यानंही काही विचारायचं नाही. अडल्यानडल्या बायकांची लाज राखणारा रिवाज होता, चांगला होता. पण जुडी कुणालाही आपल्या दारावर टांगता येते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एका माणसाच्या मात्र आलं.

त्याचं नाव त्र्यंबकराव. आवडाबाईंच्याच आळीत, त्यांच्या घराच्या अलीकडे, त्यानं बिऱ्हाड केलं. दाराला तसाच गेरू लावला, तशीच ताजी जुडी टांगली. आत खलबत्ता ठेवला, फडताळात बरण्या मांडल्या. बरण्यांत रंगीत पाणी होतं. वैद्यकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पोट पाडायला निघालेल्या बाईला वाटेत अडवायचं, एवढंच त्याचं काम. हे पुण्य आहे असं त्याला मनापासून वाटे, आणि पुण्यासाठी खोटं बोललं तर चालतं असंही वाटे. अशा माणसाची मला चोरापेक्षा जास्त धास्ती वाटते. चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं.

जुडी पाहून सगुणा आत शिरली. त्र्यंबकरावानं तिला पाट दिला, कोमट दूध दिलं. आवडाबाई लांबच्या गावी गेल्यात, त्यांच्या जागी मीच बघतो, असं सांगितलं. आवडाबाई त्या वेळी चार घरं पलीकडे ओसरीवर काढा गाळत बसल्या होत्या.

सगुणानं मागचं बाळंतपण सांगितलं, आवडाबाईंची ताकीद सांगितली. त्यानं ते ऐकून घेतलं आणि फडक्याखालून मातीचं एक बाळ काढलं. चांगलं गुटगुटीत, डोळे उघडे, ओठांना लाल रंग.

"आज तुझ्या पोटात हे असं आहे," तो म्हणाला. "औषध घेतलंस तर हे आतून ओरडेल. तुझे डोळे जातील. तुझ्या हातचं खाऊन तुझ्या दोन्ही मुली सुकत जातील."

सगुणाचा सारा जन्म मातीत गेलेला. पण समोरचं ते बाळ मातीचं आहे, हे त्या दिवशी तिच्या ध्यानातच आलं नाही. तिचे हातपाय गार पडले. मग तो मायेनं म्हणाला की घाई करू नकोस, पुढच्या बाजाराला ये, बघू. पुढच्या बाजाराला ती गेली, त्याच्या पुढच्याही, आणि दर वेळी त्यानं हेच सांगितलं. वेळ काढणं हेच त्याचं औषध होतं.

असे कितीतरी बाजार गेले आणि इकडे सगुणाच्या पायांना सूज चढली. डोकं ठणकू लागलं. मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येई आणि तिला वाटे, औषधाचा नुसता विचार केला, तेवढ्यानंच माझे डोळे चालले. मुलींना हातानं घास भरवायचं तिनं सोडून दिलं. धाकटी तोंड उघडून बसे आणि ही हात मागे घेई. उपाय केला नाही तर आपण जाणार, केला तर मुली जाणार, या भीतीनं ती आतून पोखरून निघाली.

एके दुपारी अनसाबाईंनी पाहिलं, सून भर उन्हात बसून सुईत दोरा ओवतेय, काढतेय, पुन्हा ओवतेय. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. डोळे शाबूत आहेत का ते बघतेय, असं सगुणा म्हणाली आणि रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं.

अनसाबाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली. मग म्हणाल्या, "मला हे पसंत नाही. पण ते मी तुझ्या तोंडावर सांगते, खोटं बोलून तुला अडवत नाही. त्यानं तुझी नाडी बघितली का गं?"

"नाही."

"पायाची सूज?"

"नाही. नुसतं बोलतच होते."

भट्टीतून निघालेलं मडकं बोटानं वाजवून बघितल्याशिवाय अनसाबाई बाजारात पाठवत नसत. दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, तरी त्या सुनेला घेऊन निघाल्या. सगुणाला पायरीवर बसवून, हनुवटीपर्यंत पदर ओढून त्या एकट्याच त्र्यंबकरावाकडे आत गेल्या.

"पाळी येत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्र्यंबकरावानं पाट दिला, दूध दिलं, मातीचं बाळ काढलं. तुझ्या पोटात हे असं आहे म्हणाला. डोळे जातील म्हणाला. त्याचं रडणं मला आत्ताही ऐकू येतंय, असंही वर म्हणाला.

अनसाबाईंनी पदर मागे सारला. पांढरे केस, बोळकं तोंड. "माझी पाळी गेली तेव्हा माझी सून अजून घरात यायची होती," त्या म्हणाल्या.

बाळ त्याच्या हातात तसंच राहिलं. "मी एक जीव वाचवायला बघतोय," तो चाचरत म्हणाला.

"आणि बाहेर पायरीवर बसलीय, तिचा जीव कशात धरलात?"

एवढं बोलून त्या बाहेर आल्या. अनसाबाई सुनेचा हात धरून आळीत पुढे गेल्या. चार घरं पलीकडे तसाच गेरू, तशीच जुडी. सगुणा पायरीखालीच थांबली. आत जायला तिचं पाऊल उचलेना. तेव्हा अनसाबाईंनी त्या मुलखात कुणी केलं नव्हतं ते केलं. दारातच उभं राहून मोठ्यानं विचारलं, "आत कोण बसतं?"

आवडाबाई स्वतः बाहेर आल्या.

त्यांनी आधी नाडी पाहिली, मग पाय पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. औषधानं डोळे जात नाहीत, मुलींना काही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. दुखेल, रक्त जाईल, उशिरामुळे धोका वाढलाय, हेही लपवलं नाही. औषध घेतलं नाही तर मात्र मला तुझी आशा वाटत नाही, म्हणाल्या. ठरवायचं तू. सगुणानं मुलींची नावं घेतली आणि औषध मागितलं.

ते सगळे दिवस अनसाबाई तिच्या उशाशी बसून होत्या. देवाची क्षमाही मागत होत्या आणि सुनेच्या तोंडात पेजही घालत होत्या. सगुणा वाचली.

कोष्ट्याची सून तुळसा वाचली नव्हती. तीही त्र्यंबकरावाच्या सांगण्यावरून पुढच्या बाजाराची वाट बघत राहिली होती आणि पोटातल्या बाळासकट गेली होती. वैद्यानं शिकस्त केली, असंच तिच्या घरचे तोवर समजत होते.

अनसाबाईंनी सारं उघड केलं आणि लोक त्र्यंबकरावाच्या घरी धावले, तेव्हा तिथं रंगीत पाण्याच्या बरण्या होत्या आणि दारावर नुसता खिळा होता. जुडी आणि ते मातीचं बाळ तो बरोबर घेऊन गेला होता. आज ती जुडी कुठल्या गावात, कुणाच्या वाटेवर टांगलेली आहे, ते कुणालाच ठाऊक नाही. निरगुडीचा वास आला की सगुणाचे हात अजून गार पडतात.

तात्पर्य: आपलं मत उघड सांगणाऱ्याचं भय नसतं, पण वैद्याचं सोंग घेऊन, भीती घालून जो वेळ काढतो, तो जीव वाचवत नाही, जीव घेतो. म्हणून दारावरची खूण पाहून आत शिरू नये, आत कोण बसलंय ते आधी विचारावं.