टिटवीच्या दवाखान्यातली रांग

माणूस अजून डोंगरापलीकडेच राहत होता, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या जनावरांना वैद्य म्हणून एक टिटवीच परवडायची. चार किड्यांच्या मोबदल्यात ती ओढ्याच्या पाणवठ्यावर दिवसभर ओरडायची, "प्यायचं ते वर, डुंबायचं ते खाली."

माळाचा पुढारी होता रेडा. वरच्या गार पाण्यात डुंबायची त्याला भारी हौस. एकदा तो टिटवीच्या दवाखान्यात डोकावला, तर तिथे चिटपाखरू नाही. डोंगरावरच्या कोल्होबा वैद्याकडे मात्र कण्हणाऱ्यांची ही रांग. आपल्याच नशिबी असली वैद्यीण का, असं रेड्याला वाटलं.

"टिटवीबाई, वर्षभरात बरा केलेला एक तरी आजारी दाखवा," तो म्हणाला. "नुसतं ओरडायचे किडे मिळणार नाहीत."

टिटवीकडे दाखवायला कोणीच नव्हतं. ती ओरडणं बंद करून घरट्यात जाऊन बसली. रेडा ऐटीत वरच्या पाण्यात शिरला, तिथेच शेण टाकून मनसोक्त डुंबला, आणि सगळा माळ तेच पाणी प्यायला.

आठ दिवसांत टिटवीच्या दारात हरणं, ससे, म्हशी ओळीने आडवी झाली. सर्वांत पुढे खुद्द रेडा. त्याने कशीबशी मान वळवून मागची रांग पाहिली आणि समाधानाने कान हलवले.

"आता कसं," तो कण्हत म्हणाला, "दवाखाना असल्यासारखं वाटतंय."