यादीतलं शेवटचं नाव

डोंगरपायथ्याच्या एका गावात आठवीपर्यंतची एक शाळा होती. हेमलता ठोसर तिथल्या मुख्याध्यापिका. गाव त्यांना ठोसरबाई म्हणायचं. बाई कडक होत्या, पण मनाच्या वाईट नव्हत्या. शाळेत सहा शिक्षक होते आणि सहाही जण बाईंना वचकून असत.

मग साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं. मुलं घरी, शिक्षक घरी. वरून हुकूम आला, की फोनवरून शिकवा आणि किती मुलं हजर होती ते रोज कळवा.

बाईंनी नियम केला. रोज संध्याकाळी पाच वाजता प्रत्येकानं शिक्षकांच्या ग्रुपवर आपला आकडा टाकायचा. बाई त्याची यादी करत. ज्याच्याकडे जास्त मुलं, त्याचं नाव वर. ज्याच्याकडे कमी, त्याचं तळाला. कुणाला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. यादी दिसली की सगळ्यांना हुरूप येईल, असं त्यांना वाटे.

पहिलं नाव रोज प्रणाली इंगोले या तरुण शिक्षिकेचं असे. चाळीसपैकी अडतीस मुलं हजर. शेवटचं नाव रोज सरोदे गुरुजींचं. कधी पाच मुलं, कधी तीन.

गुरुजी तीस वर्षं मराठी शिकवत होते. ते कविता म्हणू लागले की मागच्या बाकावरची वांड पोरंसुद्धा चूप बसत. पण फोन काही त्यांच्या हाताला वळेना. एकदा त्यांच्या अख्ख्या तासाला मुलांना घराचे पत्रेच दिसत राहिले. पोरं खूप हसली. कुणीतरी तो तास गावभर पाठवला. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "गुरुजी, जरा शिकून घ्या. शाळेचं हसं होतंय."

पंधरा दिवसांनी गुरुजींचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. कारण एका ओळीत लिहिलं होतं: मला आता शिकवता येत नाही.

सही करून अर्ज पुढे पाठवणं सोपं होतं. बाईंनी पेन उघडलंही. पण त्या ओळीवरून त्यांची नजर हलेना. तीस वर्षं शिकवलेला माणूस असं लिहितो? त्यांनी पेन मिटलं, तोंडाला मास्क बांधला आणि भर दुपारी त्या गुरुजींच्या घरी निघाल्या.

दारात गुरुजींच्या पत्नी भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलात. अर्धी भाकरी ताटात राहते यांची. माझ्याशीही बोलत नाहीत."

गुरुजी ओसरीवर बसले होते. बाई थोड्या अंतरावर टेकल्या. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यांचा उतरलेला चेहरा पाहून ते सगळं राहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुजी, कसे आहात?"

गुरुजींनी मान वर केली. मग म्हणाले, "चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलंत, बाई."

आवाजात राग नव्हता, म्हणून बाईंना ते जास्त लागलं.

"पोरं समोर नसली की मला कळतच नाही, त्यांना समजतंय का नाही," गुरुजी सांगू लागले. "समोर नुसती काळी काच. कविता म्हणता म्हणता मी थांबतो आणि पुढचे शब्दच आठवत नाहीत. पाठ असलेले शब्द, बाई! वाटतं, आपण संपलो. आणि मग पाच वाजता सगळ्यांसमोर नाव तळाला."

"चुकलं माझं, गुरुजी," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी मान हलवली. मग वडीलधाऱ्या माणसासारखं विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

बाई 'बरी आहे' म्हणायला गेल्या, पण खोटं सांगवेना. त्या म्हणाल्या, "आई गेली माझी. दोन महिने झाले. गावाच्या वेशी बंद होत्या, मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी तुम्हा सगळ्यांकडे आकडे मागितले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही."

गुरुजींच्या पत्नींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

त्या संध्याकाळी ग्रुपवर यादी आली नाही. बाईंनी सहाही जणांना एकेक करून फोन केला. आईचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आजपासून यादी बंद. पाच वाजता मी फोन करीन. आधी तुम्ही कसे आहात ते सांगायचं. तासांचं त्यानंतर बोलू."

गुरुजींना फोन शिकवायचं काम प्रणालीनं अंगावर घेतलं. एका वेळी चारच मुलं, आणि चित्र नको, नुसता आवाज. गुरुजी एक ओळ म्हणत, मुलं पुढची म्हणत. आठवडा झाला आणि गुरुजींनी आपला अर्ज परत मागून नेला.

एके दिवशी पाचच्या फोनवर प्रणालीनं तासांचा विषय टाळला. मग ती म्हणाली, "बाई, माझे आकडे खोटे होते. अडतीस नाही, अकरा मुलं यायची. बाकीच्यांच्या घरी फोनच नाहीत. गुरुजींचं नाव रोज तळाला बघायची आणि घाबरायची. एकदा खोटं लिहिलं, मग रोज लिहावं लागलं."

ते आकडे त्यांच्याच सहीनं वर गेले होते. गेल्याच महिन्यात शिक्षण कार्यालयानं शाळेचं कौतुक केलं होतं.

"कुणाला कळणार नाही, बाई," प्रणाली रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही बोलला नाहीत, तर नाही कळणार."

फोनमधून तिच्या तान्ह्या बाळाचं रडणं बाईंना ऐकू येत होतं.

"त्याला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"दात येताहेत. झोपतच नाही."

"आणि तू?"

तेवढ्या प्रश्नानं प्रणालीला हुंदका फुटला. बाईंनी तिला रडू दिलं. ती शांत झाल्यावर म्हणाल्या, "खरं सांगितलंस, बरं केलंस. उद्यापासून खरा आकडा कळव. मागचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कार्यालयाला पत्र लिहिलं. आकडे चुकीचे गेले आहेत. ते ज्या भीतीपोटी लिहिले गेले, ती भीती मी घातली होती. जबाबदारी माझी. त्यांनी पत्रात प्रणालीचं नाव लिहिलं नाही.

चार दिवसांत बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. कौतुक मागे घेतलं गेलं आणि त्यांच्या नावावर एक वाईट शेरा पडला. बाईंनी ते सगळ्यांना सरळ सांगून टाकलं. त्या दिवशी बाकीच्या चौघांनीही आपले खरे आकडे सांगितले. शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं चार महिने शिकलीच नव्हती.

आता कुठे जायचं ते कळलं. साथीचे नियम ढिले झाल्यावर शिक्षकांनी वस्त्या वाटून घेतल्या. कुणी आजारी असेल तर त्याची वस्ती दुसऱ्यानं घ्यायची, असं ठरलं. प्रणालीचं बाळ लहान, म्हणून तिची वस्ती गुरुजींनी मागून घेतली. लिंबाच्या पारावर पोरं दूर दूर बसली. अर्धे चेहरे झाकलेले होते, पण डोळे दिसत होते. गुरुजींना तेवढं पुरलं. त्यांनी कविता सुरू केली आणि न थांबता पुरी केली.

त्याच दिवशी पाच वाजता बाईंनी प्रणालीला फोन केला. तो तिच्या सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, "बाळ आणि ती, दोघंही आत्ताच झोपलीत हो. उठवू का तिला?"

"नको, नको," ठोसरबाई घाईनं म्हणाल्या. "झोपू द्या तिला."

तात्पर्य: शिकवणाऱ्याकडून कामाचा हिशेब घेण्याआधी त्याची विचारपूस करावी; ज्याला आपली माणसं सांभाळून घेतात, तोच निर्भयपणे खरं बोलतो आणि मनापासून शिकवतो.