नारोशास्त्र्यांची गाठ

एका नगरात एक पोथीशाळा होती आणि तिची राखण करायला नारोशास्त्री नावाचे एक गृहस्थ होते. तिथल्या पोथ्या साध्यासुध्या नव्हत्या. देऊळ कसं उभारायचं, मूर्ती कशी घडवायची, भिंतीवर चितारायचे रंग कसे खलायचे, हे सगळं जुन्या जाणत्यांनी त्यांत लिहून ठेवलं होतं. जुनी नाटकंही होती, पहिल्या नांदीपासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत. राजाने या पोथ्या विश्वासाने शास्त्रीबुवांच्या हवाली केल्या होत्या आणि शास्त्रीबुवा त्या सांभाळत होते.

आता सांभाळत म्हणजे काय, ते ऐका. पोथी उतरवून काढणारे लेखक शेवटच्या पानावर पोथीच्या तोंडून एक विनवणी लिहीत. मला ओल लागू देऊ नका, माझी गाठ सैल ठेवू नका आणि मला मूर्खाच्या हाती देऊ नका. इतर लोक ती वाचत, जरा हसत आणि पोथी मिटत. शास्त्रीबुवांनी मात्र ती भलतीच मनावर घेतली. लाल फडक्यात पोथी गुंडाळून ते वर दोरीची अशी गाठ आवळत, की सोडवणाऱ्याचं नख तुटावं. आपल्या गाठींचा त्यांना फार अभिमान होता.

पूर्वी पावसाळा सरला की पोथ्या अंगणात मांडून त्यांना ऊन दाखवायची चाल होती, घरोघरी धान्याला दाखवतात तशी. शास्त्रीबुवांनी ती बंद केली. पोथी उघडी दिसली की येणारा-जाणारा डोकावतो, आणि डोकावणाऱ्यांत शहाणे किती, असं त्यांचं म्हणणं. बरं, शहाणा कोण हे ठरवायचं कुणी? त्यांनीच. आणि त्यांच्या मापात अख्ख्या नगरात कुणी बसत नव्हतं.

एक चितारी आला. त्याच्या निळ्या रंगाचे पोपडे सुटत होते. त्याच्या बोटांना रंग लागलेला होता, म्हणून शास्त्रीबुवांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. मग नाटकवाले आले. देवळापुढच्या रंगमंडपात ते दर वर्षी एक जुनं नाटक करत, पण राणीला शाप होतो तिथवरच ते त्यांना पाठ होतं. पुढचं सांगणारी माणसं मरून गेली होती. शास्त्रीबुवांनी त्यांचे उच्चार तपासले, नाक मुरडलं आणि दार लावून घेतलं. त्यामुळे त्या नगरातले लोक दर वर्षी शापापर्यंत नाटक बघत आणि घरी जात. राणी सुटली की नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

असंच चालायचं ते चाललं असतं. पण एका उन्हाळ्यात रंगमंडपाच्या छताची मधली शिळा तडकली. ती उतरवायचं काम सटवाजी पाथरवटाकडे आलं. सटवाजी हाताचा चांगला होता, पण असलं छत त्याने कधी उकललेलं नव्हतं. त्या शिळा चुन्याशिवाय, एकमेकींच्या आधारावर बसवलेल्या होत्या. आधी कुठली काढायची हे चुकलं, तर सगळं छत अंगावर येणार. म्हणून देवळाच्या बांधणीची पोथी मागायला तो पोथीशाळेत आला. त्याची बायको गिरजा त्याच्याबरोबर मंडपाच्या कामावर राबायची. तीही आली आणि दाराशी उभी राहिली.

शास्त्रीबुवांनी विचारलं, "वाचता येतं का तुला?"

"नाही, बुवा. तुम्ही वाचा. मी उंबऱ्याबाहेर बसून ऐकतो. पोथीला हातसुद्धा लावणार नाही."

झाली का पंचाईत! आता नाही म्हणायला कारण कुठलं काढायचं? खरं सांगू का, ती पोथी शास्त्रीबुवांनी स्वतःही कधी वाचली नव्हती. वाचायची म्हणजे गाठ सोडावी लागली असती. शिवाय एका पाथरवटासमोर अडखळत वाचायची त्यांना लाज वाटली. एवढं कबूल केलं असतं आणि दोघांनी मिळून पानं उलगडली असती, तर काय बिघडत होतं? पण नाही.

"पोथी मूर्खाच्या हाती द्यायची नसते," ते म्हणाले, "आणि मूर्खाच्या कानीही घालायची नसते."

यातला दुसरा भाग त्यांनी पदरचा घातला होता. सटवाजीने वाद घातला नाही. त्याने नमस्कार केला आणि तो निघून गेला.

काम तर करायलाच हवं होतं. दसऱ्याला मंडपात माणसं जमणार, लेकरंबाळं पुढे बसणार. सटवाजीने सगळ्यांना मंडपाबाहेर काढलं, गिरजालाही. मग अंदाजाने खांब लावले, अंदाजाने एक शिळा निवडली आणि एकट्यानेच ती हलवली. अंदाज चुकला. छत खाली आलं. ढिगारा उपसून त्याला बाहेर काढेपर्यंत त्याच्यात जीव राहिला नव्हता.

राजा हळहळला. मंडपाचा उरलेला भागही कलला होता आणि त्यात आणखी कुणी दगावू नये, म्हणून तो स्वतः पोथीशाळेत आला. मागोमाग गाव आलं, गिरजाही आली. राजाने पोथी सोडायला सांगितली.

शास्त्रीबुवा गाठीशी झटायला लागले. ती त्यांचीच गाठ, पण त्यांनाही सुटेना. शेवटी कुणीतरी विळ्याने दोरी कापली. फडकं उलगडलं, तर आत वाळवीची माती होती. पानाच्या जागी माती, अक्षराच्या जागी माती. फडकं तेवढं वरून धड होतं. शास्त्रीबुवांनी घाईघाईने दुसरी पोथी काढली, मग तिसरी. रंगांच्या पोथीची चाळण झाली होती. नाटकाच्या पोथीत पहिलं पान शिल्लक होतं, पुढे काही नव्हतं. शास्त्रीबुवा दोन्ही हातांनी ती माती चाळत राहिले, एखादं अक्षर सापडेल म्हणून.

गिरजा पुढे झाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आपण ऐकलं ते बरोबर होतं ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

"शास्त्रीबुवा, पोथी कुणाच्या हाती द्यायची नसते म्हणाला होतात तुम्ही?"

शास्त्रीबुवांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते मातीने भरले होते.

मंडप तसाच उघडा पडला. नाटकवाले दुसऱ्या गावी निघून गेले आणि ती राणी शापातच राहिली. शास्त्रीबुवांनी नंतर पोथीशाळेची सगळी दारं उघडी टाकली. ते दिवसभर उंबऱ्यावर बसून एकेक गाठ सोडवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवत. पण आता आत येऊन बघायचं काय? लोक मान खाली घालून पुढे जात. गिरजाही त्याच वाटेने कामाला जाई, पण तिने पुन्हा कधी तिकडे पाहिलं नाही.

तात्पर्य: जी विद्या आपण कुणालाच दिली नाही, ती आपण राखली असं म्हणू नये. ती आपण आपल्याच हाताने मारली, आणि तिच्याबरोबर तिची गरज असलेला माणूसही मारला.