नगारा वाजला की निशाण वर

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आज कुणालाच सांगता येत नाही. तरी ऐका, कारण तिच्यातला मुकादम अजून जिवंत आहे.

त्या राज्यात एका वर्षी साथ आली, तेव्हा राणीने कारखान्यातल्या विणकरांना माग घेऊन टेकडीखालच्या गावी राहायला सांगितले. साथ गेली, पण विणकर तिथेच रमले. माग पडवीत, मुले जवळ, आणि शेले पूर्वीपेक्षा सुरेख.

कारखान्याच्या मुकादमाला हे पाहवेना. ओरडायला समोर माणूसच नसेल, तर मुकादमकी कसली? त्याने टेकडीवर नगारा बसवला आणि फर्मान काढले, "नगारा वाजला की प्रत्येकाने छपरावर निशाण चढवायचे. ज्याचे उशिरा चढेल, त्याच्याकडचे मानाचे काम दुसऱ्याला जाईल."

नगारा कधी वाजेल, याचा नेम नव्हता.

गावात एक विणकरीण होती. युवराजांच्या राजटिळ्याला पांघरायचा मानाचा शेला तिच्या मागावर होता. दोन धागे ओढले की नगारा, चार ओढले की नगारा. ती शिडीशेजारी उभ्यानेच जेवू लागली. एकदा शिडी घसरून पाय मुरगळला. तेव्हा तिने माग थेट छपरावरच चढवून घेतला.

"अगं, खाली उतर!" शेजारीण ओरडली. "उन्हात रेशीम विटतंय, आणि तूही!"

"तुझं निशाण कसं गं इतक्या झटकन चढतं?" विणकरणीने वरूनच विचारले.

शेजारीण हसत शेळीला पाला घालायला गेली.

इकडे मुकादम दरबारात मिशीला पीळ देत होता. "सगळी निशाणे वर, राणीसाहेब! एका घराचे तर नगाऱ्याच्या आधीच असते."

"आधीच?" राणीच्या भुवया उंचावल्या. "मग शेले का येत नाहीत? चला, बघूच."

नगाऱ्याआधी निशाण दाखवणाऱ्या घराला कुलूप होते. निशाण बांबूला खिळ्याने ठोकलेले. विणकर महिनाभर लेकीकडे गेला होता. पुढे शेजारणीच्या घरी निशाणाची दोरी शेळीच्या गळ्यात होती. नगारा वाजला, शेळी बिचकून पळाली, निशाण सरसर वर गेले.

"शेळी मात्र इमानी हो, राणीसाहेब," शेजारीण म्हणाली. "एकदाही खाडा नाही!"

राणी खळखळून हसली. मग तिला छपरावरची विणकरीण दिसली.

"हीच ती," मुकादम म्हणाला. "सगळ्यात उशिरा हिचंच, हातातला धागा पुरा केल्याशिवाय उठतच नाही. आज शेला काढून घेणार होतो."

"वर का बसलीस, बाई?" राणीने विचारले.

"शेला हातचा जाईल म्हणून. चहूकडे निशाणं वर दिसायची. वाटायचं, सगळ्यांना जमतंय, मी एकटीच मागे पडतेय."

"आणि शेला कुठंय?"

तिने तो उचलून दाखवला. डाळिंबी रंग उडून कापड पार फिकट झाले होते. तिला रडू आवरेना.

राणी मुकादमाकडे वळली. "कुलूपबंद घर हजर. शेळी हजर. आणि जिला कामाची चाड, तिचंच काम काढून घ्यायचं?"

"मी हजेरी चोख ठेवली, राणीसाहेब."

"ठेवलीस खरी. आता माझ्या लेकाच्या खांद्यावर हजेरी घालू का?"

त्या वर्षी युवराजांचा टिळा साध्या उपरण्यावर झाला. दरबाऱ्यांनी नाके मुरडली. राणीने मुरडू दिली. मुकादमाला एक माग दिला, टेकडीवरचा नगारा त्याच्या दाराशी आणून ठेवला, आणि रोज वीतभर कापड विणायला सांगितले. नगारा मात्र वाटेल तेव्हा वाजायचा, आणि दर वेळी त्याने छपरावर निशाण चढवायचे. महिन्याभरात त्याच्याकडून बोटभरही कापड निघाले नाही. महिना सरताच त्याने स्वतःच हात जोडले, आणि नगारा कायमचा बंद झाला.

विणकरीण आठ दिवस नुसती झोपली. कुणीही तिला हाक मारली नाही. नवव्या दिवशी पडवीतून मागाचा आवाज येऊ लागला.

बोध: जो कामाऐवजी हजेरी मोजतो, त्याच्या पदरी हजेरीच पडते, काम पडत नाही, आणि कामाची माणसे मोडतात ती वेगळीच.