फाटकाकडे लागलेले डोळे

एकदा एक तरुण शिष्य आपल्या गुरूंकडे नकार घेऊन आला. गुरू म्हणजे गावच्या चर्चचे वृद्ध पाळक. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, या शिष्यालाही पाळकपदाची दीक्षा मिळायची होती. झगा शिवून तयार होता, आईने पाहुण्यांना निरोप धाडले होते, आणि हा म्हणत होता, मला जमणार नाही.

"सलाम, साहेब," तो म्हणाला. "चार वर्षं शास्त्र शिकलो. प्रार्थनेला लोक मलाच उभं करतात. पण एकट्यानं गुडघे टेकले की आत नुसतं रितं वाटतं. देव हवा असतो, फार हवा असतो, आणि तो काही जवळ वाटत नाही. अशा माणसानं मंडळीपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं?"

पाळकसाहेब उठून चपला शोधू लागले. वृद्धांची ही एक खोडच असते. आपण जीव तोडून बोलावे आणि त्यांनी चपला शोधाव्यात. "शनिवार आहे. वसतिगृहात जाऊन येऊ," एवढेच ते म्हणाले.

मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात शनिवारी दुपारी पालकांना भेटीची मुभा असे. फाटकाजवळच्या पायरीवर सहा वर्षांची सलोमी बसली होती. तिला येऊन पंधराच दिवस झाले होते. वेणीफणी करून ती सकाळपासून रस्त्याकडे पाहत होती, आणि एखादी एसटी न थांबता पुढे गेली की रडत होती. ताटातला भात तसाच होता. पलीकडे व्हरांड्यात दहा वर्षांची तबिथा पुस्तकात डोके घालून बसली होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

वसतिगृहाच्या बाई लगबगीने आल्या. "साहेब, या सलोमीसाठी प्रार्थना करा. हिचं रडं थांबू दे, तबिथासारखी शहाणी होऊ दे."

"ती प्रार्थना मी करणार नाही, बाई," पाळकसाहेब म्हणाले. मग त्यांनी तबिथाजवळ जाऊन तिच्या हातात एक पेरू ठेवला. ती "थँक्यू, आजोबा" म्हणाली आणि पुन्हा वाचू लागली.

ते दोघे आवारातल्या लिंबाच्या सावलीत येऊन उभे राहिले तेव्हा शिष्याला राहवले नाही. "साहेब, लेकरासाठी दोन शब्द मागितले, तेही तुम्ही नाकारलेत?"

"सलोमी रडते, कारण आपल्याला आई आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. खाऊ द्या, बाहुली द्या, ती आईच मागणार. तबिथाही पूर्वी त्याच पायरीवर बसायची. कोणी आलं नाही. हळूहळू रडं थांबलं आणि सगळे म्हणाले, पोर रुळली. ती रुळली नाही रे, तिनं वाट पाहणं सोडलं. वर्षभर मी दर शनिवारी तिच्यासाठी येतो, पण तिनं अजून एकदाही रस्त्याकडे पाहिलेलं नाही. मला काळजी वाटते ती तिची. तुझी नाही. तू अजून पायरीवर बसलेला आहेस. पित्याची एवढी ओढ पित्याशिवाय कोण लावील? ज्या दिवशी ही ओढ थांबेल त्या दिवशी ये, तुझा झगा मी स्वतः परत घेईन."

शिष्य जाऊन पायरीवर बसला. सलोमीने नाक पुसत थोडे सरकून त्याला जागा दिली.

"तुम्ही पण वाट बघताय?"

"हो," तो म्हणाला, आणि तोही रस्त्याकडे पाहू लागला.

चारच्या एसटीने सलोमीची आई आली. सलोमी अशी धावली की एक चप्पल पायरीवरच राहिली. सगळ्या मुली पाहत होत्या. तबिथाही पाहत होती. मग तिने पुस्तक मिटले आणि ती पाळकसाहेबांजवळ येऊन उभी राहिली.

"आजोबा, पुढच्या शनिवारी तुम्ही किती वाजता येणार?"

उत्तर देण्याआधी पाळकसाहेबांना चष्मा काढून पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी शिष्याने दीक्षा घेतली. पाळक म्हणून त्याची पहिली प्रार्थना इतकी लहान होती, की मंडळींनी डोळे मिटेपर्यंत ती संपलीसुद्धा. "बापा, ये. आम्ही वाट पाहतो आहोत."

आपल्याही आत कधी असे रितेपण जाणवले, तर ते बुजवून टाकण्याची घाई करू नये.